अ‍ॅव्होकाडो डिप आणि आयबीएस

अ‍ॅव्होकाडोचा पिकलेला गर ठेचून त्यात लिंबू, मीठ, मिरची, कोथिंबीर, कांदा आणि लसूण घालून केलेला चटणीसारखा पदार्थ. मूळचा मेक्सिकोचा, तिथले नाव ग्वाकामोले. फळाची वनस्पती (पर्सिया अमेरिकाना) दालचिनी-तमालपत्राच्या लॉरेसी कुळातली. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आयबीएस) असलेल्यांना हा डिप खाल्ल्यावर पोट फुगणे, कळ येणे, शौचाची घाई होणे असे त्रास होऊ शकतात.

दोष बहुतेक वेळा फळावर जातो, तो निम्मा अन्यायाचा आहे. आयबीएसमध्ये आतडे अतिसंवेदनशील असते. लहान आतड्यात न शोषल्या जाणाऱ्या शर्करा पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. अशा शर्करांना फॉडमॅप म्हणतात. कांदा-लसणात त्यांपैकी फ्रुक्टान भरपूर असते. अ‍ॅव्होकाडोत सॉर्बिटॉल हा फॉडमॅप असतो असे पूर्वी मानत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने २०२४ मध्ये फेरतपासणी केली तेव्हा ते त्याच प्रकारचे पर्सिटॉल निघाले आणि गराचे सोसण्याजोगे प्रमाण ३० वरून ६० ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे चमचे, झाले. फळ पिकते तसे पर्सिटॉल घटते, म्हणून कच्चट फळ टाळावे. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. काहींचे पोट त्यानेही बिघडते.

फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या आणि ते तेल डिपमध्ये घातले, तर स्वाद राहतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घालावा. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या मराठी घरांना अशी चव जमवणे नवे नाही. विकतच्या डिपमध्ये मात्र कांद्या-लसणाची पूड असू शकते, वेष्टन वाचावेच.

सोबत काय खातो यालाही तितकेच महत्त्व आहे. पवार घराण्याच्या धार-देवास संस्थानांमुळे माळव्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या ताटात गव्हाची पोळी नित्याची, आणि गव्हात फ्रुक्टान असते. मान नदीकाठच्या मनावरकडे, धार जिल्ह्याच्या निमाडी भागात, मक्याचे पानिये करतात : मक्याचे पीठ मळून, पानांत दडपून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले. गहू नसल्याने डिपला ही जोड उत्तम. पानियांबरोबरची डाळ मात्र बेताने घ्यावी, कारण डाळीतही आंबणाऱ्या शर्करा असतात.

आयबीएससाठीच्या आहारात फॉडमॅप वगळण्याचा काळ २ ते ६ आठवड्यांचा असतो. पुढे एकेक पदार्थ परत आणून कोणता किती सोसतो ते पाहतात. कांदा-लसूण जन्मभर सोडण्याची गरज नसते. शौचात रक्त, वजनात घट, पंडुरोग किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर आहाराचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे. सिलिअ‍ॅक रोगाची तपासणी गहू बंद करण्यापूर्वीच करून घ्यावी. गहू सुटल्यावर तिचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो.