अस्थिमज्जेतील दुखणे : एका शोधाचा इतिहास

आपल्या मराठवाड्यात पाठ धरली, कंबर मोडून आली, की माणूस वयाला नाहीतर कष्टाला बोल लावतो. लेप लावतो, दोन गोळ्या घेतो आणि कामाला लागतो. बहुतेकांच्या बाबतीत तो चुकतही नाही. परंतु काही थोड्यांच्या हाडांत तेव्हा मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा एक कर्करोग, मूळ धरीत असतो. वैद्यकाला त्याची ओळख पटण्यास किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे.

लंडनमधील थॉमस मॅकबीन या पंचेचाळिशीच्या किराणा व्यापाऱ्याच्या छातीत १८४४ साली काही तुटल्यासारखी कळ उठली. पुढच्या वर्षी डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तपासली. आम्ल घातलेली ती लघवी निवताच घट्ट होई आणि तापवली की पुन्हा पातळ होई. तिचा नमुना रसायनशास्त्र जाणणाऱ्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. १ जानेवारी १८४६ रोजी रुग्ण दगावला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या मऊ व ठिसूळ झालेल्या आढळल्या. हाडे मऊ पडणाऱ्या अन्य रुग्णांतही हे द्रव्य शोधावे, असे बेन्स जोन्स यांनी लिहून ठेवले. त्या प्रथिनाला आजही त्यांचेच नाव आहे.

१८७३ साली रुस्टिट्स्की यांनी रोगाला नाव दिले. १८८९ साली प्रागच्या ऑटो काहलर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. १९०० साली राइट यांनी दोष मज्जेतील प्लाझ्मा पेशींचा असल्याचे दाखविले. १९२९ साली रशियाच्या आरिन्किन यांनी छातीच्या हाडातून सुईने मज्जा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६२ साली एडेलमन व गॅली यांनी बेन्स जोन्स प्रथिन हा प्रतिपिंडाचाच एक तुकडा असल्याचे सिद्ध केले. रोगाशी झुंजणाऱ्या पेशीच येथे बेबंद वाढतात आणि निरुपयोगी प्रथिनांनी शरीर भरून टाकतात.

या इतिहासातून आपल्या घरांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. पाठीचे वा बरगड्यांचे दुखणे आठवडे लोटले तरी हटत नाही, रक्त कमी होते, थकवा येतो, वारंवार संसर्ग होतो किंवा मूत्रपिंडे बिघडतात, अशा लक्षणांची सांगड दिसताच डॉक्टरांपुढे या रोगाचे नाव काढावे. लघवीच्या नेहमीच्या पट्टीत हे प्रथिन निसटू शकते; प्रारंभीचा साधा एक्स-रेही निर्दोष दिसू शकतो. रक्त व लघवीतील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, ‘फ्री लाइट चेन’ चाचणी आणि मज्जेची तपासणी यांवर निदान ठरते.

१९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण एका रक्ताच्या कर्करोगासाठी झाले. मायलोमाच्या योग्य रुग्णांसाठी आज त्यांच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण केले जाते. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रोग समूळ जाणे आजही दुर्मीळ असले, तरी औषधांनी तो पुष्कळदा वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. हाडे मोडण्यापूर्वी, मूत्रपिंडे निकामी होण्यापूर्वी तो ओळखला गेला पाहिजे. मॅकबीनच्या वेदनेला नावच नव्हते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या वेदनेला ते मिळू शकते. त्यासाठी तिला केवळ ‘वय झाले’ म्हणून गप्प बसवू नये.