पहाऱ्यावरच्या कॅमेऱ्याची राखण : प्रस्तावना

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय तासन्‌तास धड उघडेनात. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर खोट्या मागण्यांचा भडिमार चालू होता, आणि तो करत होते सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर! मिराई नावाच्या प्रोग्रामने ती उपकरणे परस्पर कामाला जुंपली होती. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेचा अभ्यास याच प्रकरणापासून सुरू करावा असे मी नव्या वाचकाला सुचवीन, कारण त्यात अवघड असे जवळजवळ काहीच नाही.

मिराईची रीत पाहा. इंटरनेटवरचे पत्ते वाटेल तसे निवडायचे, टेलनेटचे (उपकरणात दुरून शिरण्याच्या जुन्या सोयीचे) २३ किंवा २३२३ क्रमांकाचे पोर्ट उघडे सापडले की ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, ‘रूट-१२३४५’ अशा नाव-पासवर्डच्या साठेक ठरलेल्या जोड्यांतल्या काही लावून बघायच्या. एखादी लागली की प्रोग्राम मेमरीत ठाण मांडतो आणि दुसरा कोणी शिरू नये म्हणून आलेली वाट बंद करतो. उपकरण बंद करून चालू केले की तो पुसला जातो. पासवर्ड तोच असेल, तर काही मिनिटांत पुन्हा हजर. ऐन भरात अशी सुमारे ६ लाख उपकरणे त्याच्या ताब्यात होती. (हे रचणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण. माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातली चढाओढ हे त्यामागचे एक कारण.)

मालकाने पासवर्ड का बदलला नाही, असे विचारणे सोपे आहे. पण काही कॅमेऱ्यांत तो आतल्या सॉफ्टवेअरमध्येच पक्का बसवलेला होता. सेटिंगच्या पानावर बदलला तरी टेलनेटला जुनाच चाले. शिवाय कॅमेरा चित्र दाखवतच होता, मग मालकाला संशय यावा कसा? खरी मेख इथे आहे : ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती उपाय नाही, आणि ज्याच्या हाती उपाय आहे त्या उत्पादकाला झळ लागत नाही. म्हणूनच या विषयात संगणकशास्त्राइतकेच अर्थशास्त्र आणि कायदाही वाचावा लागतो.

कायदे उशिरा आले, पण आले. कॅलिफोर्नियाचा २०२० मध्ये लागू झाला. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घालून उपकरणे विकण्यास बंदी केली. भारताने २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम काढले. माझ्या मते पासवर्डचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. अपडेट किती वर्षे द्यायचे, हा खरा अवघड. ब्रिटनचा कायदा ती मुदत जाहीर करायला सांगतो, किमान मुदत घालून देत नाही.

या अभ्यासाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. माळ्यावरचा जुना राउटर काढा, त्याचे फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, उघडून बघा, तो कोणाकोणाशी बोलतो ते टिपा. मात्र राउटर स्वतःचाच हवा. दुसऱ्याच्या उपकरणात विनापरवानगी शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते, मग हेतू अभ्यासाचा का असेना.