धरण आणि आराखडा

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. त्यामुळे शिलाहार राजा मामवाणी याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक झाले. परंतु ज्या स्थपतीने तो पाषाण रचला, त्याचे नाव कोणाच्या मुखी नाही. करणाऱ्याने अनाम राहावे व करविणाऱ्याने कीर्ती मिळवावी, हा आपल्याकडील जुना परिपाठच होय.

या परिपाठास एक ठळक अपवाद आहे. वैतरणा नदीवर 1957 साली पूर्ण झालेल्या धरणाच्या जलाशयास मोडकसागर म्हणतात. हे मोडक राजे नव्हते, मंत्रीही नव्हते. ते मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक होत. विहार (1860), तुळशी (1879) व तानसा (1892) हे तलाव परकीय अमदानीत झाले. स्वतंत्र भारतातील मुंबईची तहान भागविणाऱ्या धरणास मात्र एका मराठी नगर-अभियंत्याचे नाव लाभले, ही गोष्ट अभिमानास्पद खरी.

तथापि मोडकांचे दुसरे कार्य लोकांच्या स्मरणात फारसे उरलेले नाही. 1948 साली त्यांनी अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकारासह बृहन्मुंबईचा आराखडा सिद्ध केला. सर्व उद्योग व वस्ती मुंबईच्या चिंचोळ्या बेटात न कोंबता ती दूरवरच्या आखीव नगरांत न्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

नगरे पुढे झालीच. पण ती आराखड्याने नव्हे, आपत्तीने व गरजेने झाली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथेत कारखाने आले, बदलापुरास चाकरमानी वळले. घरे आधी उठली. रस्ते, गटारे व नळ त्यांच्या मागून धावत राहिले. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी 2006 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांस बाहेर काढावे लागले.

यात दोष अभियंत्याच्या बुद्धीचा म्हणता येणार नाही. धरणास एक धनी असतो, एक हेतू असतो आणि ते पुरे झाल्याचा एक दिवस असतो. आराखड्यास यांपैकी काहीच नसते. शिवाय महापालिकेच्या अभियंत्याचा अधिकार तिच्या वेशीपाशी संपतो, लोकसंख्येचा लोंढा मात्र वेस ओळखीत नाही. मोडकांचा शब्द सिमेंटात उतरला तेथे पाळला गेला. कागदावर राहिला तेथे तो केवळ सल्ला ठरला.

म्हणून अभियंत्याचे नाव जलाशयास देणे हा त्याचा अर्धाच गौरव होय. उरलेला अर्धा गौरव, घर उठण्यापूर्वी त्याचे ऐकण्यात आहे. आणि उल्हास नदीच्या काठची ही तीन नगरे अद्यापि त्याची वाट पाहत आहेत.