परमिट रूम: दारूबंदीनं बांधलेली खोली

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर, थोडा साफसूफ करून.

आज बोलायचंय बारबद्दल. कॉकटेलवाल्या नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडलं की जो दिसतो, तो. काचेला काळी फिल्म, वर 'बार अँड रेस्टॉरंट' आणि त्याच्याखाली 'परमिट रूम'. शाळेत जाताना ती पाटी मी रोज वाचायचो. परमिट कसलं? कुणी कुणाला दिलं? घरी विचारण्यासारखा प्रश्न नव्हता, त्यामुळे विचारला नाही. आता मोठा झालोय, नोकरी आहे, तर म्हटलं शोधून काढू.

उत्तर असं की आपला गल्लीतला बार पिण्याच्या हौसेतून तयार झालेला नाही. तो दारूबंदीच्या कायद्यातून तयार झालाय. आणि त्या कायद्याची खूण नुसती पाटीवर नाही, आपल्या घरातल्या बापलोकांच्या बोलण्या-न बोलण्यावर पण आहे. कसं ते सांगतो.

अंगणातून दुकानात

ठाणे जिल्हा म्हणजे एके काळी ताड-माडांचा आणि मोहाच्या जंगलाचा जिल्हा. किनाऱ्याला भंडारी लोक झाडावर चढून ताडी-माडी काढायचे. आत जंगलपट्टीत आदिवासी पाड्यांवर मोहाची दारू घरच्या घरी व्हायची. लग्न, मयत, देवाचं कार्य, सगळीकडे ती लागायची. ती प्यायला वेगळी 'जागा' नव्हती. अंगण हीच जागा, आणि तिथं बाया, म्हातारी माणसं, पोरं सगळी असायची.

इंग्रज सरकारनं १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आणला. रसाच्या झाडांवर कर बसला, गाळायला परवाना लागला. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला, म्हणजे झाडाखाली पडलेली फुलं वेचून घरात साठवण्यावरही बंधनं आली. लोकांनी कमी प्यावं हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. दारूचा पैसा सरकारला मोजता यावा, हा होता. घरोघरी गाळलेल्या दारूवर कर कसा लावणार? म्हणून गाळण्याचं काम मोजक्या भट्ट्यांवर आणि विकण्याचं काम परवाना असलेल्या दुकानांत. दारू अंगणातून उठून दुकानात गेली ती तेव्हा. आपल्या गोष्टीतलं हे पहिलं स्थलांतर.

१९४९: सगळं बंद, पण...

स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूबंदी हा मोठा कार्यक्रम होता. बाया दारूच्या दुकानांसमोर पिकेटिंग करायच्या. १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. पुढे महायुद्धाच्या मुद्द्यावर मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. मग स्वातंत्र्यानंतर आला मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आजच्या विषयाचं मूळ हेच.

या कायद्याची रचना नीट बघा. दारू बनवणं, विकणं, बाळगणं, पिणं, सगळं मुळातच मनाई. आणि मग ज्यांना हवी त्यांच्यासाठी अपवाद. अपवादाचं नाव परमिट. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे म्हणून मिळणारं 'हेल्थ परमिट' हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. म्हणजे पिणारा माणूस सरकारच्या कागदावर जवळपास पेशंटच.

१९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर बलसारा खटला आला. अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं या बंदीत येऊ शकत नाहीत असं कोर्टानं म्हटलं आणि कायद्याची काही कलमं रद्द केली. मूळ कायदा मात्र टिकला.

टिकला म्हणजे किती? तर आजपर्यंत. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. जुना कोड कुणी डिलीट करायला धजावत नाही. त्याच्यावर एकेक 'इफ' लावत जातात आणि दहा वर्षांनी मूळ फंक्शन काय होतं ते कुणाला आठवत नाही. हा कायदा तसा आहे. मधे नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, पण तो अजून 'दारूबंदी'चाच कायदा आहे. एका दिवसाचं परमिट विदेशी दारूसाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. वर्षाचं १०० रुपये, आजीवन १००० रुपये. बारमध्ये बसलेल्या माणसाकडे कागदोपत्री यातलं काहीतरी असायला हवं. सहसा कुणी विचारत नाही, एवढंच.

खाडीकाठची भट्टी

कडक बंदीच्या काळात प्यायची थांबली का? नाही. हातभट्टी आली. काळा गूळ, नवसागर, पिंप, आणि लपायला खाडीची खारफुटी. ठाण्यापासून दिवा, कल्याणपर्यंतची खाडी या धंद्याला फारच सोयीची. पोलिसांची होडी येईपर्यंत माणसं चिखलातून पसार. माल रबरी ट्यूबमध्ये भरून शहरात यायचा. मुंबईत तो 'आंटी'च्या घरात विकला जायचा, म्हणजे कुणाच्या तरी राहत्या खोलीत, पडद्यामागं, उभ्या-उभ्या.

या काळानं पिण्याची एक पद्धत रुजवली असं मला वाटतं. पटकन, लपून, उपाशीपोटी आणि फक्त पुरुषांनी. ही सवय कायदा सैल झाल्यावरही गेली नाही. आणि हातभट्टीचा जीवघेणा भागही गेला नाही. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली.

अण्णा येतात

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९६३ नंतर, सरकारनं बंदी टप्प्याटप्प्यानं ढिली केली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. आणि हॉटेलांना एफएल-३ परवाना मिळायला लागला, म्हणजे खाण्याच्या जागेत परमिटधारकांसाठी वेगळी खोली. तीच परमिट रूम.

ही हॉटेलं कुणाची होती? बरीचशी उडुपी-मंगळूरकडच्या लोकांची. आधी इडली-डोसा, मग बिअर, मग क्वार्टर. तिकडून पोरं लहान वयात यायची, दिवसा टेबल पुसायची आणि मुंबईतल्या कन्नड रात्रशाळांत शिकायची. त्यातले काही पुढे गल्ल्यावर बसले आणि आपले 'अण्णा' झाले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पिक्चरमध्ये असतो तसा, ग्लास पुसत गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारा बारटेंडर आपल्याकडे नव्हता. आपल्याकडे काउंटरवर बसत नाहीत, टेबलावर बसतात. ऐकणारे दोघं: वेटर आणि गल्ल्यावरचे अण्णा. या भागासाठी मी कल्याण-डोंबिवलीत दोन-तीन जागी अशा मंडळींशी बोललो. नावं सांगणार नाही, त्यांना नको आहेत.

एक जण म्हणाले, "लोकांना वाटतं इथं माणसं बायकोच्या तक्रारी करतात. तसं कमी. पोरांबद्दल जास्त बोलतात. दहावीचा निकाल लागतो ना, कुणाच्या मुलाला किती टक्के ते रात्री नऊपर्यंत मला पाठ."

मी विचारलं, तुमची मुलं? ती गावी वाढली, कुंदापूरच्या बाजूला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी गावी जायचं म्हणजे बसचा रात्रभराचा आणि वर अर्ध्या दिवसाचा प्रवास. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. "दुसऱ्यांच्या पोरांचे मार्क मला माहीत होते, माझ्या पोरांचे पत्रातून यायचे," असं ते अगदी साधेपणानं म्हणाले आणि कुणाचं तरी बिल करायला वळले.

बेसबॉल आणि क्रिकेट

आता थोडं अमेरिकेला जाऊ, कारण तुलना मजेशीर आहे. १८८० च्या दशकात सेंट लुइसमध्ये ख्रिस फॉन डेर आहे नावाचा जर्मन स्थलांतरित होता. किराणा दुकान आणि सलून, म्हणजे दारूचा गुत्ता, चालवायचा. त्याच्या लक्षात आलं की जवळच्या मैदानावर बेसबॉल असला की आपल्याकडे गर्दी होते. त्यानं सरळ टीमच घेतली. तेव्हाची मोठी नॅशनल लीग मैदानात बिअर विकू द्यायची नाही, रविवारी खेळायची नाही. याच्या नव्या लीगनं दोन्ही केलं, वर तिकीट २५ सेंट. कामगाराला सुट्टी रविवारीच, त्यामुळे मैदान भरलं. लोक तिला चिडवून 'बिअर अँड व्हिस्की लीग' म्हणायचे. आजची सेंट लुइस कार्डिनल्स ही टीम त्याच मुळातली.

अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. पण उठवली तेव्हा घटनादुरुस्ती करून, उघड उठवली. आपल्याकडे ती उठलीच नाही, फक्त परमिटनं झाकली.

आपल्याकडे बार आणि खेळ भेटले ते टीव्हीमुळे. केबल आली, आणि १९९८ च्या शारजापर्यंत बारच्या कोपऱ्यात वर टांगलेला टीव्ही ठरलेला झाला. क्रिकेटनं बारमध्ये एक काम केलं: अनोळखी टेबलांना एकमेकांशी बोलायचं कारण दिलं. मॅचवरून गाडी हमखास पोरावर येते. माझा पण खेळतो, पण क्लासची फी, पण लांब पडतं.

हे 'लांब पडणं' आपल्या पट्ट्याचं खास दुखणं. ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये. पण क्रिकेटची मोठी मैदानं राहिली मुंबईतच. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. त्यानं मुलाखतीत सांगितलंय की रिक्षा रोज परवडायची नाही म्हणून आई धाकट्या भावाला कडेवर आणि किटची बॅग खांद्यावर घेऊन त्याला चालत न्यायची. आणि वडिलांनी त्याला एकट्यानं लोकलनं जा म्हणून डोंबिवली स्टेशनवर सोडलं, तेव्हा ते स्वतः गुपचूप मागच्या डब्यात बसून आले होते, पोरगा नीट पोचतोय का बघायला. कल्याणच्या तुषार देशपांडेची गोष्ट तर ट्रेनचीच. शिवाजी पार्कला निवडीसाठी गेला, बॅट्समनची रांग लांबलचक, परत कल्याण गाठायचं, म्हणून बॉलर्सच्या छोट्या रांगेत उभा राहिला आणि बॉलर झाला.

मागच्या डब्यातला बाप आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. काळजी आहे, पैसा लावतोय, पण समोर येऊन बोलणार नाही. परमिट रूममधला बाप बऱ्याचदा तोच असतो. पोराचं कौतुक तो तिथं करतो, कारण तिथं पोरगं नसतं.

आडवी बाटली

हे फार गोड करून सांगायचं नाहीये मला. कारण त्याच खोलीत पगार पण संपतो. वन रूम किचनमध्ये बाप रात्री अकराला कसा येतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना परमिट रूमचं काही कौतुक असायचं कारण नाही. बायांनी म्हणूनच कायद्यातली दुसरी वाट वापरली. प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. महाराष्ट्रात अनेक गावांनी अशी बाटली आडवी केली आहे.

आणि सरकार? तिजोरीत हजारो कोटी याच 'बंदी' असलेल्या वस्तूतून येतात. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट २०२३ मध्येच ५ वरून १० टक्के झाला होता, २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं, तेव्हा १४ जुलैला बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला. दारूबंदी कायद्याखाली परवाना घेतलेले लोक दारू महाग झाली म्हणून संपावर! १९४९ च्या आमदारांना हे समजावून सांगायला वेळ लागला असता.

मग आता?

मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, राज्यानं घरपोच दारूला परवानगी दिली. माझ्या वयाचे मित्र आता घोडबंदरला, पलावाला टूबीएचकेमध्ये राहतात आणि घरीच पितात, बायकोसोबत, मॅच लावून. पोरं हॉलमध्येच खेळत असतात. म्हणजे दीडशे वर्षांनी दारू दुकानातून परत घरात आली. अंगण मात्र राहिलं नाही, आणि ती किती, कधी हे सांगणारी म्हातारी माणसंही सोबत नाहीत.

हे बरं की वाईट? काही मित्रांना आता मुलं झालीत आणि हा वाद आमच्यात चालू आहे. माझं मत सांगतो. कायद्यानं आपल्याला लपवायला शिकवलं. त्यानं पिणं कितपत कमी झालं याबद्दल मला शंका आहे, पण घरातलं बोलणं नक्की कमी झालं. बाटली घरात आणायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. नाहीच आणली तर उत्तम. पण अण्णांना सांगितलेलं पोराचं कौतुक तेवढं घरी आणा. त्याला परमिट लागत नाही.

तुमच्या भागातल्या जुन्या परमिट रूमबद्दल, किंवा बाटली आडवी केलेल्या गावाबद्दल माहिती असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.