दोन दांड्यांची जीप आणि खटक्याची गाडी

या महिन्यात तिघांनी एकच प्रश्न विचारला: जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे, दांडीची घेऊ का खटक्याची? एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आपल्याकडची जीप ही मूळ लढाईतली गाडी. विलीज कंपनीची जीप अमेरिकन सैन्यात 1941 साली आली. लढाई संपल्यावर महिंद्राने तिचे सुटे भाग आणून 1949 साली मुंबईत माझगावला जोडणी सुरू केली. त्या जीपला गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या. एक पुढची चाकं जोडायला, दुसरी हाय-लो बदलायला. दांडीपासून ट्रान्सफर केसमधल्या फोर्कपर्यंत सगळं लोखंडच. गिअर बसला नाही तर हाताला कळायचं. खरखर झाली तर तळव्यात जाणवायची. मिस्त्रीला फोन लावायच्या आधीच निम्मं निदान ड्रायव्हरने केलेलं असायचं.

1980च्या दशकात अमेरिकेत फोर्डसारख्या कंपन्यांनी ही दांडी काढून बटण दिलं. आपल्याकडे 1998 ला सफारी आली, 2002 ला स्कॉर्पिओ, आणि असल्या गाड्यांच्या फोर बाय फोर प्रकारांत खटका दिसू लागला. शहरातल्या गिऱ्हाइकाला ते सोयीचं होतं, यात वाद नाही. पण दांडी गेली तशी हाताला मिळणारी खबरही गेली. उरला तो एक दिवा.

आता खटका फिरवल्यावर काय होतं? तो फक्त मागणी करतो. कंट्रोल युनिट आधी गाडीचा वेग बघतं. लो हवा असेल तर गाडी उभी आणि गिअर न्यूट्रल किंवा क्लच दाबलेला लागतो. मग ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर फिरते आणि आतला फोर्क सरकवते. मोटर कुठवर फिरली हे तिच्यावरचा सेन्सर कळवतो. ती खबर पटली नाही की दिवा लुकलुकतो. म्हणजे लुकलुकणारा दिवा ‘गिअर तुटला’ असं सांगत नाही. ‘मी सांगितलं, पण झालं की नाही ते कळेना’ एवढंच तो म्हणतो. हा फरक न समजल्यामुळे लोकांचे पैसे जातात. माझेही जाणार होते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. भाजीचे क्रेट भरलेले, ओढ्याकाठचं काळं रान, आणि लो लागेना. दिवा लुकलुकतोय. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. गॅरेजवाला म्हणाला, ट्रान्सफर केसच बदलावी लागेल. आकडा ऐकून मी घरी आलो, मीटर लावला, तर 12 व्होल्ट. वायरिंग ठीक आहे असं मीच ठरवून टाकलं. चूक तिथेच झाली.

तालुक्याच्या वायरिंगवाल्याने मीटर बाजूला ठेवला. हेडलाइटचा जुना बल्ब घेतला आणि कंट्रोल युनिटला येणारा पुरवठा व अर्थ यांच्यामध्ये लावला. बल्ब मिणमिणता लागला. मीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे वायरचा एक धागा शिल्लक असला तरी 12 दाखवतो. मोटरला मात्र ओढ लागते. चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजून हिरवा झाला होता. पॉलिश पेपर, नवा लग, वर थोडं ग्रीस. खटका फिरवला, खालून ‘खर्र-टक’ आलं. (हा बल्ब सेन्सरच्या किंवा युनिटकडून मोटरला जाणाऱ्या वायरींना लावू नका, युनिट जळेल.)

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. आधी बॅटरी, फ्यूज, रिले, अर्थिंग. मग कपलर उघडून पाणी-गंज बघायचा. मग गाडीखाली एक माणूस कान देऊन बसवायचा, चाकांना ओट लावूनच. आवाज अजिबात नाही तर वीज किंवा मोटर. आवाज येतो पण दिवा लुकलुकतोच, तर सेन्सर नाहीतर आतला फोर्क. ट्रान्सफर केस खोलणं सगळ्यात शेवटी.

आणि लागलेला फोर बाय फोर सुटत नसेल तर लगेच हातोडी काढू नका. डांबरी रस्त्यावर चालवल्याने किंवा पुढे-मागे वेगळ्या झिजेचे टायर असल्याने शाफ्टमध्ये पीळ बसतो. दहा फूट सरळ मागे घ्या, बऱ्याचदा सुटतो. हे मात्र दांडीच्या जीपलाही तसंच होतं.

तर प्रश्नाचं उत्तर: खटक्याची स्वस्तात मिळत असेल तर घ्या, पण ट्रायल डांबरीवर नको. मऊ रानात न्या, लो टाका, काढा, पुन्हा टाका, असं तीन वेळा. आणि व्यवहार ठरण्याआधी खाली वाकून अर्थिंगचा बोल्ट बघा.