कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करायचाय? आधी पनवेलचा मे महिना आठवा

समजा, तुम्ही पनवेलला राहता. डिसेंबरमधल्या एका रात्री एक व्हिडिओ बघत तुम्ही बायोसमध्ये दोन-तीन आकडे बदलले. प्रोसेसरचा वेग वाढला, गेम मस्त पळाला, स्कोअरचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकूनही झाला. मग मे महिना आला. भर दुपारी घरच्या लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला आणि ९० टक्क्यांवर स्क्रीन निळी झाली.

सेटिंग तीच, कॉम्प्युटरही तोच. बदललं फक्त खोलीचं तापमान. आणि ओव्हरक्लॉकिंगमध्ये बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

चला, हा विषय नीट समजून घेऊया.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर एका ठरलेल्या ठोक्यावर काम करतो. हा ठोका दोन आकड्यांच्या गुणाकारातून येतो. बेस क्लॉक साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो आणि त्याला मल्टिप्लायरने गुणलं जातं. मल्टिप्लायर ५० असेल तर वेग होतो ५००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा हा वेग वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९९८ सालचं आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर होता. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर पक्का होता. पण लोकांनी मदरबोर्डचा बेस क्लॉक ६६ वरून १०० वर नेला आणि तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागला. महागड्या प्रोसेसरचा वेग स्वस्तात मिळाला.

आज एवढी मोठी उडी मिळत नाही. नवे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात. कंपनीने चिपमधली बरीचशी ताकद आधीच वापरलेली असते.

प्रत्येक कॉम्प्युटरवर जमतं का?

नाही. इंटेलमध्ये मल्टिप्लायर वाढवायला साधारणपणे नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड सीरिजचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर खुले असतात, पण मदरबोर्ड बी किंवा एक्स सीरिजचा हवा. म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन किंवा ऑनलाइन सुटे पार्ट घेताना हे आधी बघा. नंतर सेटिंग बदलून उपयोग नसतो.

खरा खेळ व्होल्टेजचा

वेग वाढवला की एका टप्प्यानंतर प्रोसेसरला जास्त व्होल्टेज लागतं. इथेच बिल फाडलं जातं. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हिशोब करून बघा. वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं, तर विजेचा वापर साधारण २७ टक्क्यांनी वाढतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते.

जास्त व्होल्टेजने चिपचं आयुष्यही कमी होतं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर क्रॅश होऊ लागले. ज्यांनी ओव्हरक्लॉकिंग केलंच नव्हतं, त्यांनाही हा त्रास झाला. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हे त्यामागचं कारण निघालं. इंटेलने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. पण ज्या चिपचं नुकसान झालं होतं, ती अपडेटने दुरुस्त होत नव्हती.

मे महिन्याचं गणित

पंखा असो वा लिक्विड कूलर, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर जातो. २४ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ८६ अंशांवर चालतो, तो ३४ अंशांच्या खोलीत ९६ वर पोहोचतो. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपची मर्यादा ९५ अंश आहे, तर इंटेलच्या अनेक चिपची १००. ती गाठली की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. म्हणजे कष्टाने वाढवलेला वेग गरज असते तेव्हाच गायब!

त्यात रस्त्यालगतच्या इमारतीत धूळ ठरलेली. दर दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेटची जाळी आणि कूलर साफ करा. आणि बर्फाचं पाणी वगैरे प्रयोग तर नकोच. कोकणपट्टीच्या दमट हवेत खोलीपेक्षा थंड भागावर लगेच दव धरतं आणि मदरबोर्डवर पाणी म्हणजे खेळ खल्लास.

रॅमची चूक दिसत नाही, म्हणून जास्त धोकादायक

तुम्ही ६००० वेगाची डीडीआर५ रॅम घेतली, तरी ती लावल्या लावल्या त्या वेगाने चालत नाही. अनेकदा ४८०० वरच चालते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल सुरू करावं लागतं. पाकिटावर आकडा छापलेला असला, तरी इंटेल आणि एएमडी दोघीही याला ओव्हरक्लॉकिंगच मानतात. त्यामुळे वॉरंटीच्या अटी वाचा.

दोन काड्यांच्या जागी चार लावल्या तर वेग टिकवणं आणखी अवघड होतं. रायझन ७००० मध्ये दोन काड्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार काड्यांसाठी फक्त ३६००. म्हणून ३२ जीबी हवी असेल तर १६च्या दोन घ्या.

प्रोफाइल सुरू केल्यावर मदरबोर्ड काही व्होल्टेज स्वतःहून वाढवतो, हेही लक्षात ठेवा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा आणली. जुना बायोस असेल तर आधी अपडेट करा. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून पावसाळ्यात तरी यूपीएसशिवाय हे करू नका.

प्रोसेसर अस्थिर झाला तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर बंद पडतो. निदान कळतं तरी! रॅम अस्थिर असेल तर कॉम्प्युटर चालूच राहतो, फक्त चुकीची माहिती फाइलमध्ये लिहिली जाते. फोटो उघडतो, पण खालचा अर्धा भाग करडा. झिप फाइल उघडत नाही. हे महिन्यांनी लक्षात येतं, तेव्हा बॅकअपमध्येही तीच बिघडलेली फाइल गेलेली असते. म्हणून रॅमला हात लावण्याआधी महत्त्वाचा डेटा वेगळ्या ड्राइव्हवर काढा आणि टेस्टिंग संपेपर्यंत ती ड्राइव्ह जोडू नका.

मग करायचं कसं?

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रॅम मूळ वेगावर ठेवून प्रोसेसर तपासा. मग प्रोसेसर मूळ वेगावर आणून रॅम तपासा. शेवटी दोन्ही एकत्र. नाहीतर चूक कोणाची ते कळणार नाही.

२. मल्टिप्लायर एक-एक पायरीने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवा.

३. प्रोसेसरसाठी आधी सिनेबेंच १० मिनिटं चालवा, मग ओसीसीटी किंवा प्राइम९५ किमान तासभर. तापमान समोर दिसत राहू द्या.

४. रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक चालत नाही. 'फक्त दोनच एरर आल्या' म्हणजे नापास.

५. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाच्या नोंदी शोधा. टेस्ट पास झाली, पण या नोंदी येत असतील तर एक पायरी खाली या.

६. शेवटची परीक्षा एसी बंद ठेवून, दुपारी घ्या. थंडीत सेटिंग केली असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा तपासा.

कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर घाबरू नका. वीज पूर्ण बंद करा आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे क्लिअर सीमॉस करा. सगळी सेटिंग मूळ जागी येते.

एवढं करून फायदा किती?

बहुतेकांसाठी रॅमचं प्रोफाइल सुरू करणं आणि नीट तपासणं एवढंच पुरेसं आहे. प्रोसेसरच्या बाबतीत आज उलटा रस्ता जास्त शहाणपणाचा आहे. व्होल्टेज थोडं कमी करायचं, म्हणजेच अंडरव्होल्टिंग. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरने हे करता येतं. उष्णता कमी झाली की प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वरच्या वेगावर राहतो. पण तपासणी इथेही तेवढीच कडक हवी.

स्क्रीनशॉटमधला वेग एका रात्रीचा असतो. मे महिन्यातल्या दुपारी, काम अर्ध्यावर असताना जो टिकतो, तोच तुमच्या कॉम्प्युटरचा खरा वेग.