मालदांडी : सोलापुरी शाळूची कुळकथा

भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यांतला सोलापूर, मोहोळ, मंगळवेढ्याचा मुलूख अवर्षणासाठी जितका कुप्रसिद्ध तितकाच शाळूसाठी, म्हणजे रब्बी ज्वारीसाठी, विख्यात असल्यामुळे, बेदरशाहीचे कोठार दुष्काळपीडितांना खुले करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच मातीत रुजावी, यात नवल नाही. येथे पेरणी होते ती उत्तरा-हस्ताच्या पावसावर. पुढे काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवरच पिकाला सुमारे चार महिने तग धरावा लागतो.

मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रातून ‘मालदांडी 35-1’ हे वाण पुढे आणले, तेव्हा त्याचे मूळ परदेशी बियाण्यात नव्हते, ते रयतेच्या स्थानिक मालदांडीतच होते. अशा निवडीत उभ्या पिकातली सरस कणसे हेरून ती निरनिराळी झोडायची, प्रत्येकाचे बी स्वतंत्र ओळीत पेरायचे आणि ओळीशी ओळ ताडून पाहत निकृष्ट ते वर्षानुवर्षे बाद करीत जायचे. काम कंटाळवाणे खरे, परंतु पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाने केलेली पारख त्यात आयती हाती येते. टपोरा, मोतिया दाणा, खोडमाशीला सहजासहजी दाद न देणारे रोप आणि उंच ताटांचा भरघोस कडबा हे या वाणाचे गुण होत.

1964 साली ‘सी. एस. एच. 1’ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसृत झाला. अमेरिकेतून आलेल्या नरवंध्य मादीवाणावर तो बेतलेला होता. बुटका, हळवा, आणि खरिपात उत्पन्नाने खरोखरच थक्क करणारा. मात्र दाणा भरताना पाऊस लांबला की बुरशीने कणीस काळे पडे, भाकरीला चव राही ना रंग, आणि बुटक्या ताटांतून वैरण ती किती निघणार? सरकारी दप्तरात धान्याचे क्विंटल तेवढे नोंदले जात. बैलजोडी सांभाळणाऱ्या कुणब्याच्या हिशेबात कडब्याची पेंढी धान्याच्या बरोबरीने येई. (दप्तराचा हा दोष ज्वारीपुरताच होता असे मला वाटत नाही.) पुढे रब्बीसाठीही संकरित वाण निघाले, पण मालदांडीला तिच्या मुलखातून हुसकावणे त्यांना साधले नाही.

2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. दरम्यान राहुरीच्या कृषी विद्यापीठाने एकाच वाणाने सगळा मुलूख व्यापण्याचा हट्ट सोडून, हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा, अशी जमिनीच्या खोलीनुसार वाणांची वाटणी केली आहे.